ध्वनीचा पदपाठ

आमच्या घरांतील तबकड्या वाजविण्याचें जुनें यंत्र कित्येक वर्षें माळ्यावर पडून होतें. गेल्या महिन्यांत धाकट्या बंधूंचे चिरंजीव नोकरींतून आठ दिवसांची रजा घेऊन घरीं आले, त्यांनीं तें खालीं काढलें, पुसलें, त्याचा तुटलेला पट्टा बदलला आणि वाजतें केलें. येथवर कोणाचीच तक्रार नव्हती. पहिले दोन दिवस नाट्यपदें झालीं, तिसऱ्या दिवशीं थोरल्या वहिनींच्या आग्रहावरून अभंग झाले, आणि चौथ्या दिवशीं दुपारच्या चहाच्या वेळीं चिरंजीवांनीं एक विलायती तबकडी लावली. प्रथम व्हायोलिनें ऐकूं आलीं. आमचें कुटुंब म्हणालें, "हें बरें आहे, शांत आहे." बराच वेळ तसें शांत, गंभीर असें चाललें, आणि मग एकाएकीं विजेच्या गिटारीचा व ढोलांचा असा कांहीं कडकडाट झाला कीं वहिनींच्या बशींतील चहा पातळावर सांडला.

"हें काय रे?" आम्हीं विचारलें.

"काका, हें भांडण आहे," चिरंजीव म्हणाले. "थोडें थांबा, पुढें समेट होतो."

भांडण आणि समेट हा विषय एकत्र कुटुंबांत कोणास अपरिचित नसतो. आम्ही थांबलों. दुसऱ्या दिवशीं पुन्हां ऐकलें, आणि त्या तबकडीची पुढील हकीकत कळल्यावर तिसऱ्यांदाहि ऐकलें. ती हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें आणि पाश्चात्य संगीताचें ज्ञान त्याहूनहि बेताचें. सारी हयात संस्कृताच्या तासाला गेली. तेव्हां खालील मजकुरांत जें शास्त्राचें दिसेल तें चिरंजीवांच्या पुरवठ्याचें, आणि जी मतें दिसतील तीं आमच्या पदरचीं, असें समजावें.

'डीप पर्पल' या नांवाचा पांच तरुणांचा एक इंग्रज मेळ १९६८ सालीं निघाला. त्यांचें संगीत रॉक या जातीचें. म्हणजे विजेवर चालणाऱ्या गिटारी, ढोल, आणि गळा ताणून गाणें. त्या काळीं या जातींतील कित्येकांना तीन मिनिटांच्या नाचगाण्याचा कंटाळा येऊन लांब, अनेक अंगांच्या रचना कराव्या असें वाटूं लागलें होतें. या वळणास पुढें प्रगतिशील रॉक म्हणूं लागले. डीप पर्पलमध्यें जॉन लॉर्ड नांवाचे ऑर्गनवादक होते. त्यांचा जन्म १९४१ सालीं लेस्टर गांवीं झाला. लहानपणीं त्यांचें पियानोचें शिक्षण शास्त्रोक्त झालें होतें, आणि तें हातांतून गेलेलें नव्हतें. रॉकचा मेळ आणि पाश्चात्य अभिजात वाद्यवृंद या दोहोंसाठीं मिळून एक कृति लिहावी असें त्यांच्या मनानें घेतलें. मेळाच्या व्यवस्थापकांनीं कृति पुरी होण्यापूर्वींच लंडनचें रॉयल अल्बर्ट हॉल ठरवून टाकलें. मुलीची पसंती व्हावयाच्या आधीं कार्यालय ठरविणारे वडील आम्हीं पाहिले आहेत. हा त्यांतलाच प्रकार. लॉर्ड यांस रात्री जागून लिहिणें भाग पडलें.

तो प्रयोग २४ सप्टेंबर १९६९ रोजीं झाला. रॉयल फिलहार्मॉनिक ऑर्केस्ट्रा हा वाद्यवृंद, आणि संचालक सर्वांस मान्य असलेले संगीतकार माल्कम आर्नॉल्ड. हे गृहस्थ तरुणपणीं लंडन फिलहार्मॉनिकमध्यें प्रमुख ट्रंपेटवादक होते, आणि क्वाय नदीवरील पुलाच्या प्रसिद्ध चित्रपटाच्या संगीताबद्दल त्यांस ऑस्कर मिळालें होतें. त्या रात्रीं आरंभीं त्यांची स्वतःची सहावी सिंफनी झाली, मग मेळानें एकट्यानें आपलीं तीन गाणीं वाजविलीं, आणि शेवटीं ही नवी कृति. तिचें नांव 'कन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा'. प्रयोग चालू असतां ध्वनिमुद्रण झालें, बीबीसीनें चित्रणहि केलें, आणि थोड्याच महिन्यांत तबकडी निघाली. आमच्या चहाच्या वेळीं वाजली ती हीच.

कन्चेर्टो हा शब्द आम्हांस मोठा गमतीचा वाटला. मूळ लॅटिन धातूचा अर्थ झगडणें, स्पर्धा करणें. इटालियन भाषेंत तोच शब्द जुळवून घेणें, एकमत करणें या अर्थीं रूढ झाला. आपल्याकडे 'विग्रह' शब्दाचें असेंच आहे. राजनीतींत विग्रह म्हणजे युद्ध, व्याकरणांत विग्रह म्हणजे समासाची फोड करून अर्थ उघड करणें. लॉर्ड यांनीं या दुहेरी अर्थाचाच सांगाडा केला. कृतीचीं अंगें तीन. पहिल्यांत मेळ आणि वाद्यवृंद एकमेकांचे प्रतिपक्षी. एकाचें बोलणें दुसऱ्यानें तोडावयाचें. दुसरें अंग संथ. त्यांत दोघे एकमेकांचे सूर उसने घेतात, आणि येथेंच काय तें गाणें आहे. त्याचे शब्द गायक इयन गिलन यांनीं अगदीं शेवटच्या घटकेस लिहिले. तिसऱ्यांत दोघे मिळून धांवतात, आणि मध्यें इयन पेस यांचें एकट्याचें ढोलवादन आहे.

हें कागदावर सोपें दिसतें. प्रत्यक्षांत दोन निराळ्या जातींच्या वादकांस एका मंचावर आणणें किती कठीण, तें समजून घेण्यासारखें आहे. रॉकच्या मेळांत ताल ढोलवाल्याच्या हातीं असतो. बाकीचे चौघे त्याच्यापासून चार पावलांवर उभे राहून कानानें त्याला धरून असतात. वाद्यवृंदांत ढोलवाल्याचें कोणी ऐकत नाहीं, सर्वांचे डोळे संचालकाच्या काठीवर. आणि वृंदाची संवय अशी कीं काठी खालीं आल्यावर क्षणार्ध थांबून स्वर काढावयाचा. शिवाय ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. मंचाच्या एका टोकापासून वादक वीस मीटर दूर बसला असेल तर ढोलाचा ठोका त्याच्या कानीं पडेपर्यंत सेकंदाचा सतरावा भाग निघून जातो. जो कानावर विसंबला तो मागें पडलाच. त्यांत हें सभागृह १८७१ सालचें, लंबवर्तुळाकार व घुमटाचें. तेथें संगीतकाराला आपली कृति एकाच बैठकींत दोनदां ऐकावयास मिळते असा लंडनकरांचा जुना विनोद आहे. १९६९ सालींच घुमटाखालीं फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगून हा प्रतिध्वनि पुष्कळ ताब्यांत आणला गेला. आणि सर्वांत मोठी अडचण माणसांची. तालमीच्या वेळीं वृंदांतील कांहीं वादकांनीं या केंसाळ पोरांकडे पाहून नाकें मुरडलीं. आर्नॉल्ड यांनीं मेळाची बाजू घेऊन आपल्याच लोकांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. आम्हीं चाळीस वर्षांत एकदांच, दोन इयत्तांचे वर्ग एकत्र बसवून स्नेहसंमेलनाचें समूहगीत बसविलें होतें. वरच्या इयत्तेंतील मुलांचे चेहरे आम्हांस अजून दिसतात. आर्नॉल्ड यांच्याविषयीं आम्हांस त्या दिवसापासून आदर आहे.

कृति आम्हांस कशी वाटली? खरें सांगावयाचें तर तिचे सांधे दिसतात. पहिल्या अंगांतील भांडण सर्वांत सरस; भांडण लिहिणें नेहमींच सोपें जातें. गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांच्या बोटांची तयारी आमच्यासारख्या अजाणासहि कळली. दुसरें अंग लांबलें आहे, आणि तबकडीच्या एका बाजूस मावलें नाहीं म्हणून तें मध्येंच तोडून उरलेलें दुसऱ्या बाजूवर घातलें आहे. उठून तबकडी उलटी करीपर्यंत रस जातो. तिसऱ्यांत मात्र अशा कांहीं जागा आहेत कीं तेथें कोण मेळाचा आणि कोण वृंदाचा हें विसरावयास होतें. त्या रात्रीं श्रोत्यांनाहि तसेंच वाटलें असावें, कारण त्यांनीं तिसऱ्या अंगाचा कांहीं भाग पुन्हां वाजवावयास लावला. ब्लॅकमोर यांस मात्र ही सोयरीक फारशी मानवली नाहीं. १९७० सालच्या जून महिन्यांत मेळाची पुढची तबकडी निघाली, तींत वाद्यवृंद औषधालासुद्धां नाहीं, आणि मेळाची मोठी कीर्ति झाली ती तिच्यामुळें.

तरीहि १९७० सालच्या २५ ऑगस्टला हा कन्चेर्टो पुन्हां एकदां झाला. अमेरिकेंत, लॉस एंजेलिस येथील हॉलिवुड बोल या उघड्या रंगमंचावर. वाद्यवृंद लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिक, आणि संचालक लॉरेन्स फॉस्टर. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्या वृंदाचे मुख्य संगीतसंचालक त्या काळीं मुंबईस जन्मलेले पारशी गृहस्थ झुबिन मेहता होते. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यांनीं स्वतः आपला वृंद घेऊन फ्रँक झॅपा या रॉकवाल्याबरोबर जाहीर प्रयोग केला होता. म्हणजे त्या मंडळींच्या अंगवळणीं असली पंगत थोडीफार पडलेली होती.

या दुसऱ्या प्रयोगानंतर कृतीची पोथी हरवली.

हें वाक्य नीट समजण्यासाठीं वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं पाश्चात्य वाद्यवृंदाचा सारा संसार कागदावर चालतो. प्रत्येक वादकासमोर त्याच्यापुरते कागद असतात. संचालकासमोर सर्वांचा मिळून एक मोठा ग्रंथ असतो, आणि त्यांत एका क्षणीं बासरीनें काय, व्हायोलिनानें काय, नगाऱ्यानें काय वाजवावयाचें, तें वरपासून खालपर्यंत ओळींनीं मांडलेलें असतें. तो ग्रंथ नसेल तर ऐंशी-नव्वद माणसें हातांत वाद्यें घेऊन नुसतीं बसून राहतील. आपल्याकडे गवयाची वही हरवली तर गवई हळहळतो, पण संध्याकाळीं गातो. तेथें तसें नाहीं. मेळाच्या पांच जणांच्या बोटांत आपापला भाग राहिला असेल, पण वृंदाचा भाग कोणाच्याच बोटांत नव्हता; त्यांनीं तो त्या रात्रीं कागदावरून वाजविला होता आणि दुसऱ्या दिवशीं दुसरा कागद पुढें घेतला होता. पुढें जवळजवळ तीस वर्षें ही कृति वाजवितां येत नव्हती. तबकडी मात्र घरोघर वाजत होती. ज्याचा आवाज सर्वांपाशीं आहे पण जें कोणासहि करतां येत नाहीं, असें तें एक विचित्र जिणें होतें.

तें संपविलें मार्को द ख्यूय नांवाच्या एका डच संगीतकारानें. त्यानें तबकडी लावावी, थोडेंसें ऐकावें, थांबवावें, पुन्हां ऐकावें, आणि ऐकलेलें स्वर स्वर करून लिहावें. जेथें कानाला उमगेना तेथें प्रयोगाची चित्रफीत पाहावी. कोणत्या वादकाचा धनुष्याकार गज कोणत्या दिशेनें जातो, कोणीं वाद्य तोंडाला लावलें आहे, हें डोळ्यांनीं पाहून कानाच्या चुका सुधाराव्या.

वाचकहो, येथें आमच्यांतील संस्कृताचा मास्तर जागा झाला. ऋग्वेदाची संहिता म्हणजे सर्व शब्द संधींनीं एकमेकांत मिसळून गेलेला अखंड पाठ. शाकल्यानें त्या अखंड पाठांतून एकेक पद सोडवून काढलें. त्यास पदपाठ म्हणतात. संधि करणें मुलांना महिन्याभरांत येतें, पण झालेला संधि सोडवावयास वर्षें जातात, कारण जेथें दोन स्वर मिळून एक झाला तेथें मूळचे दोन कोणते, हें नुसत्या ध्वनीवरून सांगतां येत नाहीं. अर्थ जाणावा लागतो. त्या डच गृहस्थानें केलें तें याहून निराळें काय? तबकडीच्या खोबणींत नव्वद वाद्यांचा आवाज मिळून एकच झालेला. त्यांतून ही बासरी, ही दुसरी व्हायोला, हा शिंगांचा तिसरा स्वर, असें एकेक पद त्यानें विलग केलें. ढोलांच्या गडगडाटाखालीं व्हायोला काय करीत होता, हें मायक्रोफोनानें टिपलेंच नसेल तर कान कितीहि तीक्ष्ण असून काय उपयोग? अशा जागीं या शैलींत येथें काय असावें, याचा विचार करूनच लिहावें लागतें.

आणि शाकल्याला जें भाग्य लाभलें नाहीं तें या गृहस्थास लाभलें. त्याचे ऋषि हयात होते. लॉर्ड आणि पॉल मान नांवाचे तरुण संचालक यांनीं ती नवी पोथी तपासली, रिकाम्या जागा भरल्या, दुरुस्त्या केल्या. १९९९ सालच्या सप्टेंबरच्या २५ व २६ तारखांस, पहिल्या प्रयोगास तीस वर्षें पुरीं होतांना, त्याच अल्बर्ट हॉलमध्यें लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर तो कन्चेर्टो पुन्हां उभा राहिला. पहिल्या रात्रीच्या पांचांपैकीं चौघे मंचावर होते. ब्लॅकमोर मेळ सोडून गेले होते, त्यांच्या जागीं स्टीव्ह मॉर्स होते. पुढील दोन वर्षांत मेळानें तो देशोदेशीं नेला. पुढें लॉर्ड यांच्या देखरेखीखालीं रॉयल लिव्हरपूल फिलहार्मॉनिकसह त्याचें शांत, निर्दोष असें ध्वनिमुद्रणहि झालें. जुलै २०१२ मध्यें लॉर्ड वारले, आणि तें ध्वनिमुद्रण त्याच वर्षीं त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालें.

चिरंजीवांनीं आम्हांस नवें आणि जुनें दोन्ही ऐकविलें. नव्यांत सर्व कांहीं स्वच्छ ऐकूं येतें. जुन्यांत खोकला आहे, घाई आहे, कोठें कोठें वृंद आणि मेळ अर्ध्या पावलानें चुकले आहेत. आम्हीं जुनें पसंत केलें. चिरंजीव म्हणाले, "काका, म्हणजे तुम्हांला चुका आवडतात?" आम्हीं चाळीस वर्षें चुकांवर तांबड्या शाईनें रेघा ओढल्या आहेत, त्यामुळें या प्रश्नाचें उत्तर आम्हांस चटकन् देतां आलें नाहीं.

कानानें ऐकून कागदावर उतरविण्याचा उद्योग आपल्याकडे झाला नाहीं असें नाहीं. मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० – १९३६) यांनीं देशभर हिंडून, घराण्यांच्या उस्तादांपुढें बसून चिजा ऐकल्या आणि त्या स्वरलिपींत बांधून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. त्यावर त्या काळीं पुष्कळ टीका झाली. कागदावर उतरली ती चीज मेली, असें म्हणणारेहि निघाले. आम्हीहि तरुणपणीं त्यांच्याच पंक्तींतले होतों. वही म्हणजे काय, कंठांत असेल तें खरें, असें आम्ही मोठ्या तोऱ्यानें बोलत असूं.

तो तोरा कां उतरला, तें आतां सांगतों. ही तबकडी आमच्या घरीं वाजली नसती तर कदाचित् कधींच सांगितलें नसतें.

आमचे थोरले बंधु, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणत असूं, घरच्या गणपतीसाठीं दरवर्षीं एक नवें पद रचीत व त्यास चाल लावीत. अशीं चौदा पदें झालीं. तीं त्यांनीं एका लांबट वहींत, वर स्वर आणि खालीं अक्षरें अशा आपल्याच पद्धतीनें लिहून ठेविलीं होतीं. १९९६ सालीं दादा गेले. पुढें कांहीं वर्षांनीं आमचा जुना वाडा पाडून तेथें इमारत व्हावयाचें ठरलें आणि चार दिवसांत सामान हालवावें लागलें. एका लांकडी पेटींत वरच्या थरास शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका होत्या. खालीं काय आहे तें न पाहतां आम्हीं ती सबंध पेटी रद्दीवाल्याच्या गाडीवर रिती केली. दोन दिवसांनीं वहिनींनीं वहीची चौकशी केली तेव्हां काय झालें तें आमच्या लक्षांत आलें. आम्हीं सांगितलें, "सामानांत कोठें तरी असेल, सांपडेल." सामान लागलें, वही सांपडली नाहीं, "हालविण्यांत गहाळ झाली," असें घरांत सर्वांनीं धरून घेतलें, आणि आम्हीं तें धरूं दिलें. वहिनींनीं पुन्हां कधीं विचारलें नाहीं.

वहीखेरीज राहिली ती एक कॅसेट. १९८९ सालच्या गणेशचतुर्थीच्या संध्याकाळची. दादा पेटीवर, आम्ही झांजा धरून, बाकीचे मागून म्हणणारे. त्या दिवशीं दादांनीं तोंवरचीं झालेलीं सगळीं अकरा पदें ओळीनें म्हटलीं होतीं. त्यानंतरच्या वर्षांतलीं तीन तर गेलींच.

तबकडीची हकीकत सांगून झाल्यावर चिरंजीवांनीं आपण होऊन ती कॅसेट मागितली. हल्लीं ते रोज जेवण झाल्यावर कानाला यंत्र लावून बसतात. एक ओळ ऐकतात, थांबवितात, मागें नेतात, लिहितात. रजा संपली म्हणून शनिवारीं-रविवारीं येऊन बसतात. नऊ पदें झालीं आहेत. आम्हांस वृत्तें तपासण्याचें काम दिलें आहे, आणि एके ठिकाणीं मात्रा कमी पडत होत्या तेथें आम्हीं अक्षर सुचविलें तें बरोबर ठरलें, हें सांगावयास हरकत नाहीं. झांजा मात्र फार मोठ्यानें वाजल्या आहेत. दादांचा मंद्रांतला स्वर त्यांखालीं कित्येकदां बुडून जातो. झांजा कोण वाजवीत होतें तें वर सांगितलेंच आहे.

दहाव्या पदाच्या तिसऱ्या कडव्यांत घोडें अडलें आहे. तेथें एक चार अक्षरांचा शब्द आहे, आणि नेमक्या त्याच जागीं एक तान्हें मूल टाहो फोडून रडतें. चिरंजीवांनीं वीसदां ऐकलें, आम्हीं ऐकलें, प्रासावरून शेवटचें अक्षर 'ला' असावें एवढेंच निघालें. चिरंजीव वैतागून म्हणाले, "कोण हें कार्टें, काका?" त्या सालीं घरांत तान्हें मूल एकच होतें, आणि तें हल्लीं पुण्यास नोकरीला असून कानाला यंत्र लावून आमच्यासमोर बसलें होतें.

वहिनी स्वयंपाकघरांत कधीं कधीं त्या पदाची चाल गुणगुणतात, पण शब्द उच्चारीत नाहींत. तो शब्द त्यांना ठाऊक असणार. पुढच्या रविवारीं चिरंजीव त्यांस विचारणार आहेत. त्याआधीं हा अंक घरीं यावा आणि नेहमींप्रमाणें प्रथम त्यांच्याच हातीं पडावा, अशी आमची इच्छा आहे.